पितरांना उजव्या हातानेच

४ जून, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोराचं, विचार मात्र निवृत्त उपमुख्याध्यापकाचे. मार्चमध्ये मेंदूत एक बारीकशी गुठळी अडकली, तेव्हापासून उजवी बाजू रजेवर आहे. डॉक्टर लोक दुसरा शब्द वापरतात. तो मी लिहिणार नाही.

संकल्प. चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, सकाळी पितरांना तांदळाच्या दारूचा पेला मीच वाहणार. घरी, थोरल्या घरचा थोरला म्हणून, आणि उजव्या हाताने. आम्हा ब्योन घराण्यात पितरांना डाव्या हाताने कुणी काही दिलेलं नाही. वडिलांनी तर जिवंतपणीही डाव्या हातातून मीठ घेतलं नाही. आईने एकदा दिलं होतं. पुन्हा दिलं नाही.

चुसॉक सप्टेंबरअखेरीस. भरपूर वेळ आहे. तोवर बॅडमिंटनही सुरू करावं म्हणतो.

५ जून

आज विजेचं यंत्र लावलं. बोंग म्हणून एक तरुण फिजिओथेरपिस्ट आहे. तिने कोपराखाली दोन चिकट पट्ट्या लावल्या आणि बटण दाबलं. मुंग्या आल्या आणि मार्चपासून मूठ आवळून बसलेला हात उघडला. मी बघतच राहिलो. डोळे भरून आले. एसीची हवा फार कोरडी आहे इथे.

बोंगबाई म्हणाली, "आजोबा, वीज आली की तुम्हीही मनातून 'उघड' म्हणत जा. डोक्याला जुना रस्ता आठवायला हवा." मी म्हटलं, सर म्हणा. ती म्हणाली, "बरं, आजोबा."

माझ्या मते वीज निमित्तमात्र. नुसत्या नजरेने अख्खा वर्ग उभा करणाऱ्याला एक मनगट काय जड?

११ जून

यंत्राची लय सापडली. ते थोडा वेळ गप्प असतं, मग येतं. येण्याच्या किंचित आधी मी "उघड!" असा हुकूम सोडतो आणि हात उघडतो. म्हणजे आधी हुकूम, मग हात. क्रम महत्त्वाचा.

शेजारच्या खाटेवर पांग नावाचा गुरांचा दलाल आहे. त्याचाही उजवाच हात गेलाय. तो म्हणाला, "मास्तर, आमचा कोंबडाही असाच. आपण ओरडल्याशिवाय सूर्य उगवत नाही असं त्याला शेवटपर्यंत वाटायचं." मग म्हणाला, "शेवट म्हणजे सूप."

सगळी खोली हसली. मी नाही. खेडवळ माणूस.

२० जून, बुधवार

बायको आली. ओकबुन दर बुधवारी येते. रोज यायला हवं, पण बसचा त्रास म्हणते. आता तोही मिटेल, कारण गाडी शिकतेय! या वयात, गुडघ्यांना पट्टे बांधून. मला ने-आण करायला, दुसरं काय. शेरा: प्रयत्न समाधानकारक.

घरचा किमचीच्या लोणच्याचा मोठा फ्रिजही तिने काढून टाकला. पितरांच्या दिवसाचं सगळं त्यातच मावायचं. पण व्हीलचेअर फिरवायला जागा हवी हे तिच्या आपणहून लक्षात आलं. मला व्हीलचेअर लागणार नाही, तरी भावना पोचली.

निघताना बाहेर बोंगबाईशी बराच वेळ बोलत होती. काय म्हणाली विचारलं, तर म्हणे, "काही नाही. चालू राहू द्या म्हणाली."

४ जुलै

आज हात उघडला नाही. हुकूम बरोबर, वेळ बरोबर, हात ढिम्म. पुन्हा हुकूम. पुन्हा ढिम्म. मी आवाज चढवला, तशी दारातली नर्स दचकली. हात दचकला नाही.

वॉर्डात आमचं अंघोळ-पाणी बघायला एक मावशी आहे, सीमेपलीकडून, चीनमधल्या यानब्यानहून आलेली. तिने खाली वाकून पाहिलं आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आजोबा, वायर निघालीय तुमची."

योगायोग. शिवाय बुधवारी न्याहारीला मुळ्याचं सूप असतं. मुळ्याने माझे स्नायू नेहमीच शिथिल होतात.

८ जुलै, रविवार

धाकटा भाऊ तेहो देगूहून आला. सोबत खरबुजं, आणि बुधवार नसताना ओकबुन. डॉक्टरही आले. सप्टेंबरअखेर खाट रिकामी करायची आहे. पुढे घर की वृद्धांचं शुश्रूषागृह, ते घरच्यांनी ठरवायचं.

तेहो खरबूज कापत राहिला. शेवटी ओकबुन म्हणाली, "अहो, एक पेला जरी स्वतःच्या हाताने उचलून ठेवता आला ना, तरी घरी नेते. पण सगळंच उचलायचं असेल तर मला नाही झेपायचं. माझे गुडघे गेलेत."

तेहो म्हणाला, "दादा, चुसॉकला तुम्ही पेला वाहिलात तर सगळं पूर्वीसारखं. नाहीतर पितरांचं मी बघतो. वहिनींनी पुष्कळ केलं."

मला उमेद यावी म्हणून दोघांनी मिळून रचलेलं दिसतंय. जुनी युक्ती आहे. मीही नापास होणाऱ्या पोरांना असाच दम द्यायचो. काही तरीही नापास व्हायची, पण ती मुळातच ढ असत.

गुडघ्यांचं म्हणाल तर, वर्षानुवर्षं पितरांसाठी माशाचे काप नि धिरडी तळत जमिनीवर बसून ते गेले असं तिचं म्हणणं. याला वैद्यकीय आधार नाही. माझी आईही तशीच बसायची. शेवटी शेवटी तिला उठता येत नसे, पण ते वयाने.

१८ जुलै

उकाडा. बायको आली, लवकर गेली. परीक्षा होती म्हणे. वाहनचालकाची, लेखी.

जुन्या आठवणी काढून तिचं मन रमवलं. एका चुसॉकला तिने ऑक्टोपस कच्चा ठेवला होता. ब्योन मंडळी पानावर बसलेली, आणि मी तो परत उकडायला लावला. सगळे ताटकळले, पण शिस्त म्हणजे शिस्त. आमचा इन्ग्यू तेव्हा पोटात होता आणि हिला वासाने उलट्या होत होत्या, तरी उकडला! पांगला ऐकवलं. पांगने भिंतीकडे तोंड केलं. ओकबुनही खिडकीबाहेर बघत होती. अभिमानाने.

६ ऑगस्ट

पांगने आज चॉपस्टिकने शेंगदाणा उचलला. यंत्राशिवाय. वॉर्डात टाळ्या.

हलक्या कामाचे हात लवकर सुटतात. आयुष्यभर दावी ओढणारा हात, त्याला आठवायचं असतं किती? माझ्या हातात सुलेखन आहे, खडू आहे, पितर आहेत. इतकं सगळं परत यायचं म्हणजे वेळ लागणारच.

१३ ऑगस्ट

पांग घरी गेला. मुलगा, सून, नातवंडं, सगळे न्यायला आलेले. मला म्हणाला, "मास्तर, हाताला हुकूम नका सोडू. विनवा त्याला. बैलसुद्धा शिवी कळल्यावर बसून घेतो." मग बरा झालेला हात माझ्या डोक्यावर ठेवून केस विस्कटले. माझे! उपमुख्याध्यापकाचे!

रात्री त्याच्या रिकाम्या खाटेकडे दोनदा बघितलं. सवय, बाकी काही नाही.

२० ऑगस्ट

चाचणी. यंत्र बंद करून बोंगबाई म्हणाली, आता उघडा. मी उघडला. तिला दिसलं नाही. म्हणाली, "हातात अजून स्वतःची हालचाल नाही, आजोबा. आपण सोडायचं नाही, पण चुसॉकचं मनावर घेऊ नका." मी म्हटलं, आतून उघडलाय. तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

शेरा: मुलगी कष्टाळू, निरीक्षण कच्चं.

२६ ऑगस्ट, रविवार

टीव्हीवरच्या खरेदीच्या चॅनेलवर साक्षात उपाय! विजेचं यंत्र, घरगुती, तळहाताएवढं, सोबत रिमोट. कंबरदुखीसाठी आहे म्हणतात, पण वीज ती वीज. तिला कंबर कुठली नि मनगट कुठलं, काय कळतं? तीन प्रकारे चालतं: मळणे, दाबणे, चोपणे. एक बाई कमरेला लावून इतकं हसत होती की मलाही बरं वाटलं.

मावशीच्या फोनवरून मागवलं. पट्ट्या लावायला ती तयार झाली, एका अटीवर. "अगं ए" म्हणायचं नाही. मान्य केलं. मोठ्या कार्यासाठी मान तुकवावी लागते. बोंगबाईला सांगितलेलं नाही. तिला वाईट वाटेल.

९ सप्टेंबर

रंगीत तालीम फत्ते! पद्धत अशी. मूठ आवळलेलीच असते, तिच्यात मावशीने कागदी कप खुपसायचा. खांद्याने हात पुढे न्यायचा. डाव्या हाताने रिमोट दाबायचा, 'दाबणे' वर. बोटं उघडतात, कप टेबलावर. बाहीच्या आत कोण बघतंय?

यात फसवणूक कुठेही नाही. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण आंधळा म्हणत नाही.

मावशी म्हणाली, "आजोबा, कप भरलेला घेऊन बघूया का?" मी म्हटलं, तत्त्व सिद्ध झालं की पुरे.

१९ सप्टेंबर, बुधवार

ओकबुनला लायसन्स मिळालं. मी म्हटलं, आता तूही ऐक, सोमवारी पेला मीच वाहणार. ती पांढरीफटक पडली. "खरंच उचलाल?" म्हणाली. मी म्हटलं, बघच. मग माझी चादर सारखी करत म्हणाली, "नका हो त्रास करून घेऊ. भावजी करतील की." डोळ्यांत पाणी होतं.

एवढ्या वर्षांच्या संसारात तिला माझ्यासाठी असं रडताना पाहिलं नव्हतं. शेरा: उत्कृष्ट.

२३ सप्टेंबर

घरी! दोन दिवसांची सुटी मिळाली. बायकोने स्वतः गाडी चालवत आणलं. रस्ताभर बोलली नाही. नवीन चालक, लक्ष रस्त्यावर हवंच. नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट तसाच आहे, जरा मोकळा मोकळा वाटतो. माझा पलंग दिसला नाही. नवा घेणार असेल. मी विचारलं नाही, सरप्राइज मोडायचं कशाला.

स्वयंपाकघरातून तळण्याचा वास येतोय. आतून मी दोनदा ओरडून सांगितलं की ऑक्टोपस नीट बघ.

२४ सप्टेंबर, चुसॉक. रात्री, पुन्हा वॉर्डात

जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.

सकाळी सगळं यथासांग. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. ऑक्टोपस मऊ. वडिलांचा फोटो मधोमध. मी पांढरा लांब अंगरखा घालून, बुटक्या स्टुलावर. बाहीत पट्ट्या, त्या मी पहाटेच डाव्या हाताने नि दातांनी लावल्या होत्या. रिमोट कमरेच्या नाडीत. तेहो शेजारी, त्याची मुलं आणि माझा इन्ग्यू मागे. बायका स्वयंपाकघराच्या दारात.

तेहोने माझ्या मुठीत पेला बसवला, काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही. मी वडिलांकडे पाहिलं. वाटलं, बघा. बघा आता.

उदाच्या धुरावरून पेला फिरवायला मी पुढे वाकलो. पोट रिमोटवर दाबलं गेलं. एकदा नाही, दोन-तीनदा; नीट वाकावं लागतं. यंत्र 'चोपणे' वर गेलं आणि शेवटपर्यंत चढलं.

हाताने पितरांना चोपायला सुरुवात केली. पहिल्या फटक्यात दारू वडिलांच्या तोंडावर. दुसऱ्यात पेला त्यांच्या फोटोच्या काचेवर. मग नासपती, मग मासा. मी "थांब!" म्हणून ओरडलो. माझा हुकूम असा कुणी मोडलेला नाही. तेहो धरायला आला, त्याला झटका बसला, तो धिरड्यांत बसला. इन्ग्यू "बाबा, काय करताय!" एवढंच म्हणत होता. जणू मी करत होतो.

मग ओकबुन आली. बायका त्या पानांसमोर येत नाहीत. ती सरळ आली, माझी बाही वर केली, पट्ट्या खसाखस ओढून काढल्या आणि वायर, रिमोट, सगळं हातात धरून उभी राहिली. सगळ्यांनी पाहिलं. हात पुन्हा मूठ झाला.

आणि ती हसली. आधी नाकातून. मग खाली बसली, त्या न वाकणाऱ्या गुडघ्यांवर, आणि तोंडावर हात न धरता हसत सुटली. मग धाकटी जाऊ. मग पोरं. तेहो धिरड्यांतून उठेना. तिचे दात मी पहिल्यांदाच एवढे पाहिले. मागचे दोन नाहीत. केव्हा काढले कुणास ठाऊक.

वडिलांच्या चेहऱ्यावरून दारू ओघळत होती. ते नेहमीसारखेच नाराज.

पेला शेवटी तेहोने वाहिला. भरला ओकबुनने. पितरांनी काही आक्षेप घेतला नाही. मला रडू आलं. मोठ्याने आलं. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

२५ सप्टेंबर

शांतपणे विचार करता, पेला उचलला गेला होता. उचलण्यात मी पास आहे. ठेवण्याचा भाग राहिला. गुणपत्रिकेत याला 'एका विषयात फेरपरीक्षा' म्हणतात.

कारणं: रिमोटचं बटण फार हलकं. नासपती फार जवळ. मुळ्याचं सूप.

२९ सप्टेंबर

आज नव्या ठिकाणी आलो. गावाबाहेर, डोंगराच्या कडेला, हवा उत्तम. बाहेर पाटीवर शुश्रूषागृह लिहिलंय, पण मी इथे हवापालटासाठी आहे. बायकोने गाडीतून आणलं, कपडे कपाटात लावले, प्रत्येकावर माझं नाव शिवलेलं होतं. किती बारकाईने करते! गाडीपर्यंत जाताना एकदाही वळून बघितलं नाही. वळून बघितलं असतं तर तिला जाववलं नसतं.

निघताना बोंगबाईने माझी मूठ दोन्ही हातांत धरली होती. म्हणाली, "रोज बोटं ताणत राहा. कधीकधी खूप उशिरा येतं." या वेळी सर म्हणाली. मला ते का कोण जाणे आवडलं नाही.

इथे विजेचं यंत्र नाही. विचारलं तर म्हणाले, टीव्ही आहे.

१४ नोव्हेंबर

बायको गेले तीन बुधवार आली नाही. बुधवारी तिचा नाचाचा वर्ग असतो. आमचा आंदोंगचा फ्लॅट भाड्याने दिला, आणि ती फोहांगला बहिणीजवळ राहते. समुद्राची हवा मला मानवेल की नाही, आधी स्वतः राहून बघतेय.

हुकूम चालू. हात ढिम्म.

२० डिसेंबर

तेहोचा फोन. म्हणाला, "दादा, पितरांचं आम्ही आता बंद केलं. चुसॉकनंतर एकदा सगळे जमलो, त्यांना नीट सांगितलं आणि निरोप घेतला." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "सांगितलं नाही का? वहिनी सांगणार होत्या."

म्हणजे आता वाहायला पेलाच नाही. मग हात कशाला हवा?

बराच वेळ मुठीकडे बघत बसलो. हुकूम सोडला नाही.

१७ जानेवारी

दुपारी डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा उजवा अंगठा हलत होता. यंत्र नाही, वायर नाही. मी श्वास रोखून पाहिलं. मग हळूच म्हटलं, "जरा उघडतोस का, बाळा?" दोन बोटं सुटली. एवढीशी.

कुणाला सांगितलं नाही. खोलीतल्या तिघांपैकी एकाला ऐकू येत नाही, आणि बाकीच्यांना मी कोण ते रोज नव्याने सांगावं लागतं.

३० जानेवारी

रोज थोडं थोडं. विनवतो. ऐकतं बिचारं. काल रुमाल धरून सोडला. हे मी वाढवून लिहीत नाहीये.

चांद्र नववर्षाला सगळे येतील तेव्हा दाखवणार. ओकबुनने स्वतः म्हटलंय, एक पेला उचलून ठेवता आला की घरी. इन्ग्यूसमोर म्हटलं नव्हतं, पण तेहो साक्षीला आहे. कपडे आत्ताच बाहेर काढून ठेवलेत.

५ फेब्रुवारी, चांद्र नववर्ष

सकाळी तांदळाच्या वड्यांचं सूप. घशात अडकू नये म्हणून इतक्या बारीक कातरल्या होत्या की वडी सापडली नाही. अंघोळ करून, कोट घालून बसलो. समोर पाण्याचा पेला ठेवला. काचेचा, मागून घेतला.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग इथली मुलगी फोन घेऊन आली, म्हणाली, "आजोबा, घरचे आहेत, बघा!" स्क्रीनवर समुद्र. सगळे व्हिएतनामला गेलेत, दानांगला. तेहो चड्डीवर. इन्ग्यू, सून. मधोमध ओकबुन, फुलाफुलांची टोपी, ओठांना रंग. मागचे दोन दात बसवून घेतलेत. शोभतात.

वारा फार होता, अर्धं ऐकू येत नव्हतं. ती ओरडून म्हणाली, "अहो, हात कसा आहे?"

बोललो असतो तर तिने विश्वास ठेवला नसता. डाव्या हाताने उजवा उचलून फोनसमोर धरला आणि त्याला मनातल्या मनात म्हटलं, एकदाच. आणि तो उघडला. हळूहळू, पाचही बोटं, पूर्ण. मार्चनंतर पहिल्यांदा मी माझा तळहात बघितला, माझा मी उघडलेला.

ओकबुन डोळे बारीक करून बघत होती. मग एकदम खूष होऊन मागे वळली. "अगं बाई, बघा तरी, टाटा करतायत! टाटा, टाटा!"

सगळ्यांनी टाटा केला. फोन बंद झाला.

मी टाटा करत नव्हतो.